फूटस्विचचा कनेक्टर बदलला, त्यानंतरचा एक मोसम

आमच्या ऑर्केस्ट्रातल्या दोन्ही व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) गिटार अँपना फूटस्विचसाठी, म्हणजे पायाने चॅनल (आवाजाची सेटिंग) बदलायच्या बटणासाठी, कंपनीने पाच पिनी डिन नावाचं गोल सॉकेट दिलं होतं. मूळ हे सॉकेट घरातल्या रेडिओ-टेपरेकॉर्डरसाठीचं. पिना जेमतेम दीड मिलिमीटर जाडीच्या, पत्र्याचं पातळ कवच, कुलूप काही नाही, नुसत्या घर्षणावर बसतं. कीबोर्डसारखी वाद्यं एकमेकांना जोडणाऱ्या मिडीच्या केबलीही डिनच्याच, पण त्या एकदा रॅकमागे खोचल्या की कुणी हात लावत नाही. इथे निवेदक, नाचणारी पोरं, हार घेऊन चढणारे पाहुणे असे सगळे त्या केबलवरून जातात. आडवा ताण बसला की कवच लंबगोल होतं, कॉमनची (सगळ्या स्विचना सामायिक) पिन क्षणभर सुटते आणि ऐन सोलोत चॅनल आपोआप बदलतो.

म्हणून दिवाळीनंतर, लग्नसराई सुरू व्हायच्या आधी, दोन्ही अँपचे कनेक्टर बदलले. मुद्दाम वेगवेगळे लावले. एकाला जीएक्स-१६, दुसऱ्याला पाच पिनी एक्सएलआर (माइकच्या केबलला असतो त्या जातीचा).

जीएक्स-१६ म्हणजे आटे असलेली रिंग फिरवून घट्ट करायचा गोल धातूचा कनेक्टर. पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतो, स्वस्त आहे, आणि सोळा मिलिमीटरच्या भोकात बसत असल्याने डिनच्या जुन्या भोकाला थोडी गोल कानस मारली की काम झालं. विजेच्या दृष्टीने त्याने पूर्ण मोसमात एकदाही दगा दिला नाही. त्रास वेगळाच. कॉम्बो अँपमध्ये स्पीकर त्याच खोक्यात असतो, त्या थरथराटाने रिंग हळूहळू ढिली होते. अंधारात घाईने लावताना आटे तिरके चढतात. शिवाय मागची केबल धरणारी पट्टी दोन बारीक स्क्रूंची, बारीक केबल तिच्यात नीट धरलीच जात नाही. हीट श्रिंकचे (गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीचे) दोन थर चढवून केबल जाड केली, तेव्हा कुठे पकड आली. माझ्या मते कनेक्टरचं खरं आयुष्य इथे ठरतं. पिना झिजून बाद झालेला प्लग क्वचितच पाहिला. केबल मागून उपटलेले ढीगभर पाहिलेत.

एक्सएलआर मी न्यूट्रिक कंपनीचा घेतला. कित्येक पट महाग, आणि पॅनलला चोवीस मिलिमीटरचं भोक लागतं, म्हणजे चॅसीवर खरं सुतारकाम. लोखंडाचा एक कीस जरी सर्किटवर राहिला तरी घात. पण कट्‌कन बसतो, खटका दाबल्याशिवाय सुटत नाही, आणि आतला प्लास्टिकचा चिमटा केबलला चारही बाजूंनी आवळतो. मोसमभर उघडावा लागला नाही. तीन पिनी मात्र लावू नका. कुणीतरी त्यात माइकची केबल खोचेल आणि मिक्सर माइकला पुरवतो ते ४८ व्होल्ट (फँटम) थेट अँपच्या स्विचिंग सर्किटवर येतील.

कुलूपवाल्या कनेक्टरचा एक तोटा आहे: पाय अडकला तर प्लग निसटत नाही, अँपच ओढला जातो. त्यामुळे केबलचा एक वेढा आधी अँपच्या हँडलमधून घेतो, मग प्लग लावतो. फूटस्विचच्या पेडलच्या बाजूला ही काळजी नाही, ते हलकं असतं, ओढलं तर स्वतःच सरकतं.

तुमच्या अँपला फूटस्विचसाठी मुळात ६.३५ मिलिमीटरचा, गिटारच्या केबलला लागतो तसला, जॅक असेल तर हा सगळा उपद्व्याप नको. स्टिरिओ जॅकवर दोन स्विच आरामात चालतात, धातूचा चांगला प्लग लावा, पुरे. फक्त त्या भोकाभोवती रंगीत टेप गुंडाळा. मांडणी करणाऱ्या पोराने घाईत स्पीकरची केबल त्यात घातली तर व्हॉल्व्ह अँप लोडशिवाय, म्हणजे स्पीकर न जोडता, चालेल आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

फेंडर कंपनीचे जुने अँप असणाऱ्यांनी जपून. साठच्या दशकातल्या त्या अँपमध्ये रिव्हर्बचा (घुमाऱ्याचा) स्विच प्रत्यक्ष आवाजाचा सिग्नलच ग्राउंड करतो. तिथे साधी टेलिफोन वायर लावली तर गुणगुण येणारच, शील्डेड (आत धातूची जाळी असलेली) केबल हवी. रिले (विजेवर चालणारा आतला स्विच) असलेल्या नव्या अँपना हा नियम लागू नाही.

आणि खोकं उघडण्याआधी: विजेचा प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये चारशेच्या वर व्होल्ट उरलेले असू शकतात. ते उतरवून मीटरने तपासता येत नसेल तर भोक पाडण्याचं काम ओळखीच्या अँप मेकॅनिककडे द्या. जीएक्सवाल्या अँपचं एक्सएलआर करायला मीही या गणपतीआधी त्याच्याकडेच देणार आहे, कारण त्याच्याकडे चोवीसचा पंच आहे आणि माझ्याकडे फक्त कानस.