टेस्टइन्फ्राच्या चाचण्या अनेक फायलींत: काही महिन्यांच्या वापरानंतर

बेळगावात मुख्य कचेरी आणि खानापूर, निपाणी, चिक्कोडीत शाखा, असं जाळं असलेल्या पतसंस्थेच्या लिनक्स सर्व्हरांवर पायटेस्ट-टेस्टइन्फ्रा (सर्व्हरची मांडणी नीट आहे का हे तपासणाऱ्या चाचण्या पायथनमध्ये लिहायचं साधन) काही महिने वापरल्यावर एक मत पक्कं झालंय: फायली गावाप्रमाणे पाडू नका, सर्व्हरच्या कामाप्रमाणे पाडा. टेस्ट_खानापूर, टेस्ट_निपाणी या फायली म्हणजे एकमेकींच्या नकलाच. दुरुस्ती एकीत होते आणि बाकीच्या जुन्याच राहतात.

सामाईक, डेटाबेस, प्रिंट, बॅकअप एवढ्या चार फायली पुरतात. शाखेशाखेतला फरक, म्हणजे आयपी किंवा प्रिंटरचं नाव, ॲन्सिबल या सर्व्हर सांभाळायच्या साधनाच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे सर्व्हरांच्या यादीत, ठेवा आणि चाचणीत 'होस्ट.ॲन्सिबल.गेट_व्हेरिएबल्स()' वापरून उचला.

प्रत्येक फाईलच्या माथ्यावर 'टेस्टइन्फ्रा_होस्ट्स' ही यादी हवीच; चाचण्या कोणत्या सर्व्हरांवर (होस्टांवर) चालवायच्या ते ती सांगते. ती राहिली आणि कमांडवरही होस्ट दिला नाही, तर चाचण्या तुमच्याच लॅपटॉपवर चालतात. तिथे एसएसएच (दुरून लॉगिन करायची सेवा) चालू असेल तर निकाल हिरवा येतो आणि शाखेचा सर्व्हर तपासलाच जात नाही. हा धोका सगळ्यात मोठा, कारण तो दिसत नाही. उलट बाजूही सांभाळा: कमांडवर 'होस्ट्स' पर्याय दिला की फाईलमधली यादी बाजूला पडते आणि प्रिंटच्या चाचण्या डेटाबेस सर्व्हरवर जाऊन फसतात. एकाच शाखेची तपासणी हवी असेल तर 'के' पर्यायाने तिच्या नावाच्या चाचण्या निवडून घ्या.

सामाईक फिक्स्चर (चाचणीला लागणारी तयारी करून देणारी फंक्शनं) 'कॉन्फटेस्ट.पीवाय'मध्ये ठेवावेत. टेस्टइन्फ्राचा 'होस्ट' फिक्स्चर मॉड्यूल स्कोपचा, म्हणजे एका फाईलपुरता टिकणारा, आहे. त्यावर सेशन स्कोपचा, म्हणजे चाचण्यांच्या पूर्ण फेरीभर टिकणारा, फिक्स्चर बेतला की 'स्कोपमिसमॅच' हा एरर येतो, म्हणून तोही मॉड्यूल स्कोपचाच करा. फोल्डर वेगळे पण फाईलचं नाव एकच असेल तर पायटेस्ट आयात करतानाच अडतं. प्रत्येक फोल्डरात रिकामी '__इनिट__.पीवाय' ठेवली की सुटतं.

प्रिंटची फाईल आपल्या भागात खास महत्त्वाची, कारण पावत्या मराठी आणि कन्नड दोन्हींत निघतात. फॉन्ट तपासायला 'एफसी-लिस्ट :लँग=एमआर' आणि 'एफसी-लिस्ट :लँग=केएन' चालवावं. पण फॉन्ट नसला तरी ही कमांड शून्य एक्झिट कोडच, म्हणजे 'सगळं ठीक'ची खूण, देते. त्यामुळे कोड बघून भागत नाही. आउटपुट रिकामं नाही ना, हे तपासावं लागतं. नाहीतर चाचणी पास आणि पावतीवर अक्षरांच्या जागी चौकोन.

सामाईक फाईलमध्ये सर्व्हिसची 'इज_रनिंग' (आत्ता चालू आहे का) आणि 'इज_एनेबल्ड' (सर्व्हर सुरू होताना आपोआप उठते का) ही दोन वेगळी फंक्शनं करा. हाताने सुरू केलेली सर्व्हिस रनिंग दिसते, पण वीज जाऊन सर्व्हर पुन्हा चालू झाला की ती उठत नाही. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. दोन्ही एकाच फंक्शनात कोंबली तर पहिलं फसल्यावर दुसरं तपासलंच जात नाही.

फाईल परमिशनची चाचणी '६४०' अशी लिहिली की '४१६ == ६४०' असा गोंधळात टाकणारा निकाल येतो. 'मोड' साधा पूर्णांक परत करतो, आणि ऑक्टल (आठच्या पद्धतीतला) ६४० म्हणजे दशमान ४१६, म्हणून '०ओ६४०' असं ऑक्टलमध्येच लिहा.

वेग वाढवायला एक्सडिस्ट (चाचण्या समांतर चालवणारं पायटेस्टचं प्लगइन) लावत असाल तर 'डिस्ट लोडफाईल' द्या. एका फाईलच्या चाचण्या एकाच वर्करकडे (समांतर चालणाऱ्या एकाच प्रक्रियेकडे) राहतात आणि मॉड्यूल फिक्स्चर पुन्हा पुन्हा उभे राहत नाहीत.