पीएनआर होता, तिकीट नव्हतं

२,५१,८०० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "कितीला गेले हो?" असं पुन्हा कुणी विचारायला नको.

भाचीचं लग्न न्यूझीलंडला, ड्युनेडिनमध्ये. मी एकुलता एक मामा, तिला बोहल्यावर मीच न्यायची. मुंबई, सिंगापूर, ऑकलंड, ड्युनेडिन अशी तीन विमानं. ऑकलंडला बॅगा सोडवून डोमेस्टिक टर्मिनल गाठायचं. एखादं हुकलं तर निस्तरणार कोण? सगळं एकाच तिकिटावर हवं म्हणून एजंट गाठला. दोघांचे मिळून ३८,००० वाचत होते, हेही खरं. पण माणूस सोसायटीतल्याच एकाच्या ओळखीचा, कर्वे रोडला ऑफिस, भिंतीवर गणपती, काउंटरला मुलगी. टेलिग्रामवरचा भामटा नव्हता.

१,००,००० यूपीआयने दिले, १,३७,००० दुसऱ्या दिवशी एनईएफटीने. खातं एजन्सीचं नाही, कुठल्याशा बाईच्या नावाचं. "काका, करंट अकाउंटला जीएसटीचं लफडं चालू आहे, हे मिसेसचं." ३१ वर्षं बँकेत लोकांच्या चेकवरच्या सह्या ताडून पाहिल्या मी! खातं एजन्सीच्या नावाचं नसेल तर तिथूनच उठा.

बरं, मी अगदीच खुळा नाही. विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून पाहिला. दोघांची नावं, तिन्ही विमानं, 'कन्फर्म्ड'. शाकाहारी जेवणसुद्धा निवडून ठेवलं. प्रिंट काढली तेव्हा ही चष्मा पुसत म्हणाली, "अहो, तिकीट नंबरच्या रकान्यातही तीच सहा अक्षरं आहेत की." मी म्हणालो, "तुला त्यातलं कळत नाही, फायलीत ठेव."

तिलाच कळलं होतं. ई-तिकीटचा नंबर १३ आकडी असतो, पहिले तीन आकडे विमान कंपनीचे. सहा अक्षरी पीएनआर म्हणजे नुसता रुमाल टाकून धरलेली जागा. मुदतीत तिकीट काढलं नाही की जागा गेली. हे मला कधी कळलं? 'टॅक्स डिफरन्स' म्हणून आणखी १४,८०० दिल्यावर, वेब चेक-इन करायला बसलो तेव्हा. विमान कंपनीची बाई फोनवर गोड आवाजात म्हणाली, "सर, तिकीट इश्यूच झालं नव्हतं." एजंटचा फोन बंद, ऑफिसला कुलूप. काउंटरवरची मुलगी जिन्यात उभी होती, तिचाही दोन महिन्यांचा पगार बुडालेला.

चौकीत गेलो, तर "ऑफिस आमच्या हद्दीत नाही." ज्यांच्या हद्दीत, ते म्हणाले, "पैसे ऑनलाइन गेले ना, सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, "तुम्ही समोरासमोर बसून व्यवहार केलात, हा सायबर कसा?" नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते. हे त्या साहेबांना मी मोबाइलवर उघडून दाखवत होतो. "काका, ते कागदावर." फसवणुकीचं कलम चारशेवीसचं ३१८ झालं, बदल झाला तो एवढाच. शेवटी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, तर "इतके दिवस काय करत होतात?" चौकीच्या बाकड्यावर बसलो होतो, दुसरं काय! तुम्ही तसं करू नका, आधी १९३० लावा, बाकडं नंतर. बँकेत, म्हणजे माझ्याच जुन्या शाखेत, कालची पोरं मला सांगतात, "सर, ओटीपी तुम्हीच टाकलाय." क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान चार्जबॅकसाठी, म्हणजे कार्डाच्या बँकेने पैसे उलटे फिरवावेत म्हणून, भांडता आलं असतं.

ऐन वेळच्या तिकिटांचे भाव ऐकून नाद सोडला. लग्न पहाटे साडेतीनला व्हिडिओ कॉलवर पाहिलं. भाचीच्या ऑफिसातला एक पंजाबी मुलगा मामा झाला होता. फेटा मात्र झकास बांधला होता त्याने.

परवा कळलं, त्या बाईच्या खात्यात गोठवलेले सापडले ४,३१२ रुपये. तेवढ्यासाठीही कोर्टात अर्ज करा म्हणतात.