दांडिया बाजारातल्या जुन्या घरात घेतलेली फायबर जोडणी

मी बडोद्याच्या विद्यापीठात शिकवते आणि आमच्या माडीवर दोन विद्यार्थी भाड्याने राहतात. गेल्या वर्षी इंटरनेटची जोडणी बदलावी लागली, ती वासी उत्तरायणामुळे, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या पतंगबाजीमुळे. खांबाखांबांवरून लोंबत आलेली वायर मांज्याने कापली गेली, वायर जिथे येते त्या भिंतीवरच्या डबीवर 'एलओएस'चा (संकेत तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकू लागला आणि तेव्हा जोडणी ज्या मोठ्या कंपनीची होती तिच्या फोनवरून तीन दिवस 'तक्रार नोंदवली आहे' एवढेच ऐकू येत राहिले. फायबरची तार काचेची असते. तांब्याच्या तारेसारखी पिळून चिकटपट्टी लावता येत नाही, जोड वितळवून देणारे यंत्र घेऊन माणूसच यावा लागतो.

म्हणून या वेळी आधी विचारले ते यंत्रवाला माणूस कुठे राहतो हे. गल्लीतल्या केबलवाल्याकडे ते यंत्र स्वतःचे आहे, आणि चौदा महिन्यांत दोनदा वायर तुटली तेव्हा तो दोन्ही वेळा त्याच दिवशी आला. त्याची पावती वेळेवर मिळत नाही, हा त्याचा दोष. कार्यालयातून खर्च परत मिळवणाऱ्यांना तो जाचेल.

शंभर मेगाबिटचा प्लॅन आम्हा तिघांना पुरतो. जाहिरातीतला आकडा बिटमध्ये असतो आणि आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून फाइल उतरवताना सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइटच दिसतात. त्यात फसवणूक नाही. अपलोडचा वेग मात्र आवर्जून विचारावा, कारण ऑनलाइन तास घेणे आणि प्रबंधाची जड फाइल पाठवणे त्यावरच चालते. येथे तो डाउनलोडइतकाच मिळतो. सांगितलेल्या भावावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, आणि वर्षाचे पैसे आगाऊ भरल्यास मिळणारी सवलत पहिले तीन महिने पाहूनच घ्यावी.

आमच्या भिंती दीड हात जाडीच्या आहेत. ५ गिगाहर्ट्झचा वायफाय दिवाणखान्यात उत्तम चालतो, पण जिन्यापलीकडे पोहोचत नाही, २.४ माडीपर्यंत जातो, परंतु संथ. शेवटी वर केबल ओढून दुसरा राउटर बसवला, तेव्हा मुलांची कुरकुर थांबली. वीज गेल्यावर राउटर आणि डबी चालू ठेवणारा छोटा यूपीएसही मी घेतला.

एक तक्रार केबलवाल्याच्या माथी मारू नये. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेतली संशोधन नियतकालिके विद्यापीठाच्या नेटवर्कवर सहज उघडतात, घरून मात्र संस्थेच्या खात्याने लॉगइन करावे लागते. माडीवरच्या एकाने याच कारणासाठी त्याला दोनदा बोलावून घेतले होते, आणि दुसऱ्या वेळी तो चहा पिऊन गेला.