मिसिंग मारणारी गाडी: घरी बघायची, उद्यमनगरला न्यायची की शोरूमला?

सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, वाघबीळहून पन्हाळ्याकडं चढताना पिकअप घेत नाही, मध्येच गचका देते आणि मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असतो. ‘गाडी मिसिंग मारायलीय’ म्हटलं की कोल्हापुरातल्या कुठल्याही मेस्त्रीला कळतं: एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही. आता दारं तीन. घरचं पार्किंग, उद्यमनगर (गॅरेज आणि लेथवाल्यांची वसाहत) किंवा हायवेलगतचं शोरूम. माझं मत असं की दोष घरी शोधावा, हात प्लग (ठिणगी टाकणारा) आणि कॉइल (त्याला वीज पुरवणारी) यांच्यापर्यंतच घालावा आणि पुढचं मेस्त्रीवर सोडावं. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र बॉनेटही न उघडता थेट शोरूम.

दिवा नुसता लागला नसून लुकलुकत असेल तर हा विचार करत गाडी पळवू नका. न जळालेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली जाळी तापून वितळते, आणि त्याची किंमत कॉइलच्या कितीतरी पट असते. गाडी बाजूला घ्या, टोइंगवाल्याला बोलवा.

घरी बघण्यात मोठा फायदा असा की स्वस्तातले दोष इथंच सापडतात. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या गाड्यांना त्याचा सॉकेट साधारण स्टिअरिंगखाली असतो. पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी कोड आला तर शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३०० म्हणजे मिसिंग एकाच सिलिंडरपुरतं नाही. तेव्हा हवेची गळती, पेट्रोलचं प्रेशर असलं काहीतरी शोधावं लागतं. सोबत पी०१७१ असेल तर इंजिनला पेट्रोल कमी किंवा हवा जास्त मिळते आहे. इंजिनात हवा नेणारे इनटेकचे होज फाटलेत का, निसटलेत का, ते आधी बघा.

समजा पी०३०२ आला. इंजिन बंद आणि थंड असताना दोन नंबरची कॉइल तीनवर लावा, तीनची दोनवर. कोड पुसा, गाडी चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइल गेली, विषय संपला. कोड दोनवरच राहिला तर हाच अदलाबदलीचा खेळ प्लगचा करा. तरीही हलला नाही, तर संशय इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा), वायरिंग किंवा कॉम्प्रेशनवर (सिलिंडरमधल्या दाबावर). जुन्या गाडीत दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल असते. तिथं एक आणि चार किंवा दोन आणि तीन अशी जोडी एकदम मिसिंग मारते.

प्लग ज्या खोबणीत बसतो तिच्यातली धूळ प्लग काढण्याआधी हवेनं उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. काढलेला प्लग उजेडात धरून बघा. पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर स्पार्क टोकाला न जाता बाहेरूनच पळतो आहे. अशा वेळी प्लगवर बसणारं कॉइलचं रबर बूटही बदलायचं, कारण त्याच्या आतही तसाच माग उमटलेला असतो. ओलसर काळं तेल दिसलं तर दोष प्लगचा नाही. खोबणीत तेल असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट. टोकावर असेल तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. आपल्याकडं पावसाळ्यात, किंवा इंजिनवर प्रेशरनं पाणी मारून धुतल्यावर, खोबणीत पाणी साचूनही मिसिंग येतं. ते नुसतं वाळवून जातं, खर्च शून्य. नवा प्लग सुरुवातीला हातानंच फिरवा. प्लग ज्यात बसतो ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटा गेला की घरचं काम संपलं.

सीएनजी गाडी असेल तर आधी पेट्रोलवर चालवून बघा. गॅसला जास्त जोराचा स्पार्क लागतो, त्यामुळं दमलेला प्लग गॅसवर आधी उघडा पडतो. फक्त गॅसवरच मिसिंग असेल तर पहिलं बोट प्लगकडं. प्लग नवे असूनही तेच, तर गॅस किटवाल्याकडं जा. त्या पाइपांना घरी पाना लावायचा नाही.

उद्यमनगरची ताकद इथून पुढं दिसते. कॉम्प्रेशन गेज लावायचा, हेड उतरवायचं, फेसिंग करायचं (त्याची बाजू सपाट करायची), व्हॉल्व्ह बसवायचे, ही कामं करणारी माणसं आणि लेथ जवळजवळ. शेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकदम कमी आलं तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट गेलं असण्याची दाट शक्यता. हे घरी ओळखता आलं तरी दुरुस्त होत नाही. तोटा एकच: काही ठिकाणी ‘आधी प्लग बदलू, मग कॉइल बघू, मग इंजेक्टर साफ करू’ अशी मालिका सुरू होते आणि प्रत्येक टप्प्याचं बिल आपलं. तुम्ही ‘मेस्त्री, दोन नंबर मिसिंग आहे, कॉइल-प्लग बदलून बघितलंय, कॉम्प्रेशन तेवढं चेक करा’ असं म्हणालात की तो थेट मुद्द्यावर येतो. चारही सिलिंडरचे आकडे लिहून मागा.

शोरूमचा स्कॅनर भारी असतो, त्या मॉडेलचे नेहमीचे दोष आणि सॉफ्टवेअर अपडेट त्यांच्याकडंच. पण जुन्या गाडीत सुटा भाग दुरुस्त करण्यापेक्षा अख्खा संच बदलण्याकडं कल असतो. मी तिथं जाईन ते स्पेअर काउंटरवर. नामांकित ब्रँडचे नकली प्लग बाजारात असतात, म्हणून प्लग-कॉइल तिथून पार्ट नंबर सांगून घ्यावी आणि बसवावी घरी.

डिझेलवाल्यांना यातलं बरंचसं लागू नाही. त्यात स्पार्क प्लगच नसतो, आणि इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या कॉमन रेलच्या पाइपात हजार बारच्या वर प्रेशर असतं. चालू इंजिनवर ती लाइन सैल केली तर डिझेलची धार कातडीत घुसते. कोड वाचा, एअर आणि डिझेल फिल्टर बघा आणि गाडी पंप-इंजेक्टरवाल्याकडं न्या.