राजारामपुरीत पोरीला ब्रेसेस लावल्या, त्याचा रिव्ह्यू

पोरीचे पुढचे दात एकावर एक चढलेले, म्हणून कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टर) मॅडमकडं ट्रीटमेंट चालू केलीय. रिव्ह्यूत सगळे स्टाफ चांगला, एसी आहे एवढंच लिहितात, मला ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारे छोटे तुकडे, दातावर चिकटवायच्या कामाबद्दल लिहायचंय, कारण दीड-दोन वर्षं ते दातावर बसणार असतात आणि आईबाप फक्त फी विचारून मोकळे होतात.

सगळ्यात आवडलं ते हे की आम्ही आजच लावून टाका म्हणून गेलेलो आणि मॅडमनी सरळ नाही म्हटलं. हिरड्या सुजल्यात, घासताना रक्त येतंय, एका दाढेला कीड आहे, आधी क्लिनिंग आणि फिलिंग करा, घासायची सवय लागू दे, मग बघू. बायको जरा नाराज झाली, दुसरीकडं लगेच लावतात म्हणाली. पण मॅडमनी फोटो दाखवले, ब्रॅकेटच्या कडेला प्लाक, म्हणजे दातावरचा चिकट थर, साठला की त्यातले जंतू ॲसिड तयार करतात, इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या कडक आवरणातली, खनिजं निघून जातात आणि पांढरे डाग पडतात, आणि ह्याला वर्ष लागत नाही, महिन्याभरात पण दिसायला लागतात. म्हणजे तार निघाल्यावर दात सरळ, पण ब्रॅकेट होता तेवढी जागा सोडून भोवतीनं पांढरे चट्टे. ते बघून बायकोच म्हणाली थांबूया.

चिकटवायच्या दिवशी मी शेजारीच उभा होतो. आधी दात पॉलिश केले, गाल ओढून धरायचा प्लॅस्टिकचा रिट्रॅक्टर लावला, कापूस, सक्शन, मग निळं जेल. ते ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड असतं, ऐकून मी घाबरलो पण १५ ते ३० सेकंदच ठेवतात, त्यानं इनॅमलवर डोळ्याला न दिसणारी बारीक छिद्रं पडतात आणि बॉन्डिंगचं लिक्विड त्यात शिरून घट्ट होतं. धुवून वाळवल्यावर दात खडूसारखा पांढरा दिसला की बरोबर झालं. ही आयडिया १९५५ सालची, मायकल बुओनोकोर नावाच्या अमेरिकन डेंटिस्टची, त्याच्या आधी प्रत्येक दाताला धातूची पट्टी गुंडाळायचे.

इथं खरी परीक्षा लाळेची. खालच्या एका दाताला लाळ लागली तर मॅडमनी चालतंय म्हणून सोडलं नाही, परत जेल, परत धुणं, परत वाळवणं. मग ब्रॅकेट दाबून बसवला आणि बाजूनं आलेली चिकटवायची पेस्ट बारीक टोकानं काढली, मगच पेस्ट कडक करायला निळी लाइट मारली. ही जास्तीची पेस्ट राहिली तर खरखरीत होते आणि घाण तिथंच धरते, त्यामुळं मला हे काम बघून लई बरं वाटलं. घाई अजिबात नाही. दुखलं नाही, तोंड उघडं ठेवून जबडा तेवढा अवघडला.

आम्ही मेटलचे घेतले. सिरॅमिकचे दिसायला भारी पण महाग, ठिसूळ, आणि काढताना जास्त जपावं लागतं असं मॅडम स्वतःच बोलल्या, महागातलं गळ्यात मारलं नाही. चिकटवण फार घट्ट असून पण उपयोग नाही म्हणे, शेवटी इनॅमलला धक्का न लावता ते निघायला पायजे.

खाण्याचं म्हणाल तर तांबडा-पांढरा चालतोय, नळी फोडणं बंद. ऊस, चिक्की, भडंगातले शेंगदाणे पण बंद. पन्हाळ्यावर कणीस खाताना एक ब्रॅकेट निघाला, फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी बोलावून परत बसवून दिला, पैसे घेतले नाहीत. तारेखालून घासायचा छोटा इंटरडेंटल ब्रश तिथंच आरशासमोर पोरीच्या हातात देऊन शिकवला, आणि दर भेटीला तार बघायच्या आधी हिरड्या बघतात. फ्लोराइड वार्निश (कीड रोखायचा लेप) पण मधेमधे लावतात.

एकच तक्रार, संध्याकाळची अपॉइंटमेंट असली तरी लई थांबावं लागतं आणि पार्किंगचा तर विषयच नको, टू व्हीलरवर जावा. फी टप्प्याटप्प्यानं घेतात, पण क्लिनिंग-फिलिंगचं बिल वेगळं आहे ते आधीच विचारून घ्या.