गॅप आणि हॅप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

फायनाइट ग्रुपची कोहोमॉलॉजी (ग्रुपच्या रचनेची माहिती देणारी, डिग्रीनुसार मांडलेली बीजगणितीय राशी) काढायला गॅप ही बीजगणिताची संगणक-प्रणाली आणि त्यावरचं ग्रॅहम एलिस यांचं हॅप पॅकेज आठ महिने सतत वापरल्यावर मत पक्कं झालं आहे: थिअरी येत असेल तर हे साधन अतिशय मोलाचं. ग्रुप जसाच्या तसा टाकून उत्तराची वाट पाहिली, तर मेमरी संपते.

8 ऑर्डरचा डायहेड्रल ग्रुप घ्या. त्याच्या नॉर्मलाइज्ड बार रिझोल्यूशनमध्ये (रिझोल्यूशन म्हणजे कोहोमॉलॉजी काढण्यासाठी रचलेली मॉड्यूलची साखळी) पाचव्या डिग्रीला 16,807 जनरेटर येतात, म्हणजे 7 चा पाचवा घात. एफ-2 (0 आणि 1 एवढ्याच घटकांचं फील्ड) वरच्या मिनिमल रिझोल्यूशनमध्ये तिथेच फक्त 6. म्हणून पी-ग्रुपला (ज्याची ऑर्डर पी या प्राइमचा घात आहे) हॅपचं ‘रिझोल्यूशन-प्राइम-पॉवर-ग्रुप’ वापरावं. मात्र ते एफ-पी वरचं असतं. पूर्णांकांवरची होमॉलॉजी हवी तर ‘रिझोल्यूशन-फायनाइट-ग्रुप’सारख्या फंक्शनकडे यावं लागतं.

मोठ्या ग्रुपसाठी आधी सायलो सबग्रुपचं (ऑर्डरला भाग जाणाऱ्या प्राइमच्या सर्वांत मोठ्या घाताइतक्या ऑर्डरचा सबग्रुप) रिझोल्यूशन, मग ‘प्राइम-पार्ट-डिराइव्ह्ड-फंक्टर’. एम-23 या माथ्यू ग्रुपची ऑर्डर 1,02,00,960 आहे, पण त्याचा 2-सायलो अवघा 128 चा. सगळ्या प्राइमचे भाग काढले की पहिल्या तीन होमॉलॉजी शून्य येतात. उत्तर रिकामी यादी म्हणून छापलं जातं; नवखे त्याला एरर समजतात. यादीतला 0 मात्र झेडची (पूर्णांकांच्या ग्रुपची) एक प्रत दाखवतो. आणि चौथी होमॉलॉजी हवी असेल तर रिझोल्यूशन पाचव्या डिग्रीपर्यंत हवं, नाहीतर इमेज कळायला पुढचा मॅपच नसतो.

मॉड्युलर बाजूला, म्हणजे एफ-पीसारख्या फील्डवरच्या मॉड्यूलसाठी, त्यांचे न तुटणारे घटक शोधणारं मीटॅक्स उत्तम आहे, पण फील्डकडे लक्ष हवं. ए-5 चं (5 वस्तूंच्या सम परम्युटेशनचा ग्रुप) 5 बिंदूंवरचं परम्युटेशन मॉड्यूल एफ-2 वर 1 आणि 4 मितीच्या घटकांत तुटतं. 6 बिंदूंवरच्या मॉड्यूलचे घटक 1, 1, 4. दोन्ही 4 दिसायला सारखे, पण पहिला स्टाइनबर्ग मॉड्यूल, म्हणजे प्रोजेक्टिव्ह (फ्री मॉड्यूलचा थेट घटक). दुसरा एफ-4 (4 घटकांचं फील्ड) वर 2 आणि 2 असा फुटतो. अ‍ॅब्सोल्यूट इर्रिड्युसिबिलिटीची (मोठ्या फील्डवरही न तुटण्याची) तपासणी इथे टाळू नये. शिवाय गॅपमध्ये मॅट्रिक्स उजवीकडून, रो व्हेक्टरवर काम करतात. डाव्या मॉड्यूलचे मॅट्रिक्स तसेच भरले तर मूळ मॉड्यूलऐवजी त्याचं ड्युअल मिळून घोटाळा होतो. ए-5 वर तो लपून राहतो, कारण तिथले सिंपल मॉड्यूल सेल्फ-ड्युअल (आपल्या ड्युअलसारखेच) आहेत; जीएल-3-2 च्या (एफ-2 वरच्या 3×3 इन्व्हर्टिबल मॅट्रिक्सचा ग्रुप) 3 मितीच्या मॉड्यूलवर लगेच उघडा पडतो.

सर्वांत जास्त सावधगिरी हॅपच्या ‘मॉड-पी-कोहोमॉलॉजी-रिंग’ला लागते. दिलेल्या डिग्रीच्या वरचं सगळं ते शून्य धरतं. 8 ऑर्डरच्या क्वाटर्नियन ग्रुपला मर्यादा 3 दिली तर मिती 1, 2, 2, 1 येतात आणि रिंग तिथेच संपल्यासारखी वाटते. चौथ्या डिग्रीचा पीरिऑडिक जनरेटर गायबच! क्विलन यांच्या प्रमेयानुसार क्रुल डायमेन्शन (रिंगची मिती) पी-रँकइतकं (पी ऑर्डरच्या सायक्लिक ग्रुपच्या जास्तीत जास्त किती प्रतींचा गुणाकार ग्रुपमध्ये बसतो ती संख्या), इथे 1, असायला हवं. जनरेटरच्या यादीत डिग्री 4 दिसेपर्यंत मर्यादा वाढवावी.