घराचे वायरिंग नव्याने केल्यावर: दर ठरवण्याची रीत आणि वापरातला अनुभव

घराचे संपूर्ण वायरिंग बदलून आता बरेच महिने झाले आहेत. उन्हाळ्यातला एसीचा भार, पावसाळ्यातली भिंतींची ओल आणि थंडीतला गीझर हे सगळे या वायरिंगने पाहिले आहे. या काळात माझे एक मत पक्के झाले: काम कसे होणार हे वायरमनच्या कौशल्याइतकेच दर कशावर मोजला जातो यावरही अवलंबून असते. म्हणून पद्धतींच्या आधी दराबद्दल लिहितो.

आमच्याकडे तीन प्रकारची अंदाजपत्रके आली होती: एक क्षेत्रफळावर, एक पॉइंटवर आणि एक उक्ते. क्षेत्रफळाचा दर ऐकायला सोपा वाटतो, पण विजेचा भार क्षेत्रफळाप्रमाणे वाटलेला नसतो. स्वयंपाकघर ही घरातली लहान खोली असते आणि फ्रिज, मिक्सर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन शेगडी असा सर्वांत मोठा पसारा तिथेच असतो. खर्चाचा पहिला अदमास बांधायला हा दर ठीक आहे, करारासाठी नाही. उक्त्या कामात रक्कम आधी कळते हे खरे. मात्र कोणती वायर, कोणत्या जाडीची आणि किती सर्किट (मुख्य पेटीतून निघणाऱ्या स्वतंत्र लाइन) हे सोबत लिहून घेतले नसेल, तर त्या रकमेत नेमके काय मिळणार हे कोणालाच सांगता येत नाही.

पॉइंटचा दर सर्वांत रूढ आहे. स्विचपासून दिव्यापर्यंत किंवा पंख्यापर्यंतची वायर, पाइप, स्विच आणि मजुरी असा त्याचा साधारण अर्थ घेतला जातो, पण त्याच्या सीमा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. जिन्यातला टू-वे पॉइंट (वर-खाली दोन्हीकडून चालू-बंद होणारा दिवा) एक धरायचा की दोन, बोर्डावरच्याच सॉकेटला स्वतंत्र सॉकेटइतका दर लावायचा का, अर्थिंगची वायर दरात आहे का, झिऱ्या बुजवून गिलावा कोण करणार आणि जुन्या वायरींतून निघालेले तांबे कोणाचे, हे सारे काम सुरू होण्याआधी कागदावर यायला हवे. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण जुन्या तांब्याला मोडीत चांगली किंमत येते.

याहून मोठी उणीव मला वेगळीच वाटते. या दरात पॉइंट मोजले जातात, सर्किट मोजली जात नाहीत. स्वयंपाकघरातल्या नव्या सॉकेटला डीबीपासून (वीज वाटप करणाऱ्या मुख्य पेटीपासून) स्वतंत्र वायर आणली काय किंवा शेजारच्या बोर्डातून लूप केले, म्हणजे तिथलीच वायर पुढे ओढली काय, बिलात आकडा तोच पडतो. पहिल्या रीतीत मात्र कंत्राटदाराचे कितीतरी मीटर तांबे जास्त खर्ची पडते. प्रामाणिक माणसालाही हा दर लूप करण्याकडे ढकलतो. म्हणून आम्ही दिवे आणि पंखे पॉइंटवर दिले, एसी, गीझर, स्वयंपाकघर आणि मेन लाइन वायरच्या जाडीनुसार धावत्या मीटरवर दिली आणि डीबीचे काम वेगळे ठरवले. करारासोबत सर्किटांची यादी जोडली: दिव्यांना 1.5 चौरस मिलिमीटर, साध्या सॉकेटना 2.5, एसी आणि गीझरला 4, सर्व तांब्याची.

जाडीबाबत मी आग्रही का राहिलो, ते एका हिशेबावरून स्पष्ट होईल. 3 किलोवॅटचा गीझर 230 व्होल्टवर सुमारे 13 अँपिअर घेतो. डीबीपासून तो 20 मीटरवर असेल तर जाण्यायेण्याची मिळून 40 मीटर वायर होते. ती 1.5 ची असेल तर गीझर चालू असताना सुमारे 80 वॅट उष्णता वायरमध्येच, म्हणजे भिंतीच्या आत, निर्माण होते. 4 ची असेल तर सुमारे 30 वॅट. शिवाय एकाच पाइपमध्ये अनेक सर्किट कोंबली की ही उष्णता बाहेर पडत नाही आणि प्रत्येक वायरची वहनक्षमता घटते. त्यामुळे मुख्य मार्गांवर 20 ऐवजी 25 मिलिमीटरचे पाइप घ्यायला सांगितले. खर्चात फारसा फरक पडला नाही, वायर ओढताना मात्र तो जाणवला.

पद्धतींपैकी आम्ही दोन वापरल्या. बैठकीची खोली आणि झोपण्याच्या खोल्यांत भिंतीत झिऱ्या पाडून कन्सील्ड वायरिंग केले; स्वयंपाकघर, बोळ आणि पोटमाळ्याला केसिंग-कॅपिंग पट्टी (भिंतीवर बसणारी, झाकण असलेली प्लास्टिकची पट्टी) लावली. राहत्या घरात कन्सील्ड काम करणे त्रासाचे असते. कटरची धूळ बंद कपाटांतही शिरते. दिसायला ते सुंदर आहे यात शंका नाही. पट्टीच्या वरच्या कडेवर धूळ आणि तेलकटपणा साचतो आणि कोपऱ्यातले एक झाकण अधूनमधून सुटते. पण मधल्या काळात स्वयंपाकघरात एक सॉकेट वाढवायचा होता, तेव्हा पट्टीचे झाकण उघडून, वायर टाकून आणि झाकण बसवून काम संपले. झोपण्याच्या खोलीत तेच करायचे असते तर भिंत फोडावी लागली असती. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो मोजपट्टी लावून काढून ठेवला होता, त्यामुळे पडद्यांच्या दांड्यांसाठी भोके पाडताना पाइप नेमका कुठे आहे हे ठाऊक होते. कन्सील्ड काम करणाऱ्या प्रत्येकाने एवढे तरी जरूर करावे.

वापरात एकच दोष निघाला, पण तो नीट सांगण्यासारखा आहे. घरात दोन आरसीसीबी (गेलेल्या आणि परतलेल्या प्रवाहात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला की वीज तोडणारे स्विच) आहेत, एक दिव्यांसाठी आणि एक सॉकेटसाठी, दोन्ही 30 मिलिअँपिअरचे. जिन्यात अर्ध्या वॅटचा रात्रीचा दिवा होता, तो महिनोन्महिने विनातक्रार चालला. त्या जागी मोठा एलईडी बल्ब लावला आणि बटण दाबताच दोन्ही आरसीसीबी पडले. जिन्याच्या पॉइंटला फेज दिव्यांच्या सर्किटमधून आणि न्यूट्रल जवळच्या सॉकेटमधून घेतली होती. लांबून वायर आणण्याचे वाचवलेले ते श्रम. गेलेला प्रवाह त्याच आरसीसीबीतून परत येत नसल्याने तो त्याला गळतीच वाटणार. छोट्या दिव्याचा प्रवाह इतका कमी होता की तो त्या मर्यादेच्या खूप खाली राहिला. काम संपताना मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) 500 व्होल्टवर इन्सुलेशनची चाचणी झाली होती आणि आकडे 1 मेगोहमच्या किमान मर्यादेपेक्षा बरेच वर होते, पण ती फक्त वायर आणि अर्थ यांच्यामधली होती. सगळ्या न्यूट्रल वायरी डीबीतल्या त्यांच्या जोडपट्टीपासून सोडवून एका सर्किटची न्यूट्रल दुसऱ्याच्या न्यूट्रलशी कुठे जोडली गेली आहे का, हे तपासले असते तर दोष त्याच दिवशी सापडला असता. ही तपासणी करारात मागता येते आणि तिला वेळही फार लागत नाही.

पैसे तीन टप्प्यांत दिले होते: पाइप टाकून झाल्यावर, वायर ओढून चाचणी झाल्यावर आणि सर्व स्विच-फिटिंग बसल्यावर. शेवटच्या टप्प्यातला काही भाग पहिल्या उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवण्याचे आधीच ठरले होते, म्हणून जिन्याची दुरुस्ती वाद न होता झाली. त्याच भेटीत डीबीतले सर्व स्क्रू पुन्हा आवळून घेतले. गीझरच्या एमसीबीखालचा (जास्त भार आला की वीज तोडणाऱ्या स्विचखालचा) एक स्क्रू खरोखरच सैल झाला होता आणि तिथले इन्सुलेशन किंचित पिवळे पडू लागले होते. बहुतारी वायरीच्या टोकाला लग (तारा एकत्र घट्ट धरणारे धातूचे टोपण) न लावता ती तशीच स्क्रूखाली दाबली की असे होते. आता 2.5 आणि 4 च्या सगळ्या टोकांना लग आहेत.

पुढचे काम छतावरच्या पंपाच्या स्वतंत्र सर्किटचे आहे. त्यासाठी दर धावत्या मीटरवरच मागितला आहे आणि न्यूट्रलची तपासणी व लग या दोन्ही बाबी या वेळी अंदाजपत्रकातच वेगळ्या ओळींत लिहून घेतल्या आहेत.